दुसरा बोल्ट

—छे छे, माफी कसली मागताय श्यामकांतराव, गाडी तुमची, बोल्ट तुमचा, तुम्ही त्याची गोटी करा नाहीतर शंकरपाळी करा, हा धाकू मिस्त्री कोण विचारणार? मी आपला या ग्यारेजातला नोकर, तीस वर्षं इंजिनं उघडतोय, तुमच्यासारखं बी.ए. कुठे झालोय. फक्त एक सांगा, एवढा जोर आणलात कुठून — हापिसात फायली उचलून? हा तुमचा पाना बघा. लढाई संपल्यावर लष्करानं भंगारात काढलेला, अमेरिकन. आणि गाडी विलायती. मापं वेगळी हो दोघांची. बसल्यासारखा वाटतो, बसत नाही, थोडी फट राहते. त्या फटीत तुम्ही काय घातलंत, पत्रा? वा, झकास. गेले कोपरे. अहो, गंजलेल्या बोल्टाशी मारामारी नाही करायची. रॉकेल सोडायचं, हातोडीनं हळू टकटक करायची, दोन चहा प्यायचे, मग पाना लावून आधी किंचित आवळायचा — हो, आवळायचाच — गंज तुटला की मुकाट मागं येतो.

हा काढीन मी छिन्नीनं. पण शेजारचाही घालवलात, त्याचं काय? हात नाही लावला? मग काय भुतानं येऊन फिरवला? सकाळी गाडी इथं सोडलीत तेव्हा धड होता म्हणता. नजर तेज आहे हो तुमची, चष्मा लावून सुद्धा.

ठेवा तो माझा पाना. ठेवा म्हणतो ना. पान्यांवरच्या या चिंध्या होय — दसऱ्याला हत्यारं पुजतो आम्ही, तेव्हा आमच्या बायकोनं, शेवंतीनं हौसेनं बांधल्यात. वेगवेगळ्या रंगाच्या कशाला? हौसेला कारण लागतं का? मोठ्याला लाल, मधल्याला पिवळी, बारक्याला… फार चौकशा बुवा तुम्हाला. अहो, बायकोला आकडे वाचता येत नाहीत, मला येतात तर दिसत नाहीत, मग दोघांनी मिळून काढली ही युक्ती. चार महिने निभावलं. आज त्या तेलात भिजल्या, सगळ्या काळ्याठिक्कर. चाचपून उचलला, वाटलं बसला, लावला जोर — आणि सर्रकन घसरला. गेले तुमच्या शेजारच्या बोल्टाचे कोपरे.

हसू नका. मालकांना कळलं तर नोकरी जाईल, उद्याच्या बोटीनं परत गावी, मालवणला. दोन पोरी शाळेत आहेत, साहेब. रोज सकाळी दार उघडताना भीती वाटते, आज काय दिसणार नाही याची. ही भीती बायकोलाही नाही बोललो, तुम्हाला कशाला सांगतोय कुणास ठाऊक.

आलेच बघा ते. या मालक. हे बघा ना, या साहेबांनी घरच्या घरी दोन बोल्ट गोल करून आणलेत. हो, दोन. शिकलेली माणसं, आपण काय बोलणार. तुम्हीच केलेत ना साहेब, दोन्ही?

सांगा ना मालकांना. विचारतायत ते.