जलबाई

आदरणीय अध्यक्षसाहेब, मंचावरचे मान्यवर अतिथी, टाक्या-नळ सांभाळणारे माझे सगळे सहकारी आणि आवर्जून आलेले माझे नातलग, सर्वांना नमस्कार.

साहेबांनी आत्ताच माझ्या भाषेचं फार कौतुक केलं. तक्रारीच्या खिडकीवर बसून मी नेहमी ‘जल’ म्हणायचे. ‘जल सायंकाळी येईल’, ‘आज जलाचा दाब कमी आहे.’ तुम्ही माझं नावच जलबाई ठेवलंत. एक काकू तर फोनवर वैतागल्या होत्या, “अहो बाई, जल राहू द्या, नळाला कधी येतंय तेवढं सांगा.” हसा, मीही हसायचे. हसताना माझे तळहात घामाने भिजलेले असायचे, ते फोनवर कुणाला दिसणार?

आत्ताही भिजलेत. सकाळपासून घाबरगुंडी उडाली आहे.

त्याचं असं आहे, एक अक्षर माझ्या ओठांवर अडतं. लहानपणी वर्गात अडलं, तर सगळी मुलं माझी नक्कल करत घरापर्यंत आली. तेव्हापासून ते अक्षर समोर आलं की मी आडवाटेने जाते. आजच्या माझ्या बोलण्यातही अजून ते एकाही शब्दाच्या सुरुवातीला आलेलं नाही. यात विद्वत्ता कसली आलीय? नुसती भीती आहे.

हे झाकूनच निरोप घेणार होते. काल जेवताना माझी नात तिच्या आईला म्हणाली, “आई, जल दे.” तिचंही तेच अक्षर अडतं. सगळे हसले, म्हणाले, आजीवर गेलीय. माझा घास हातातच राहिला. माझी भीती त्या लेकराने उचलली होती. ती इथे समोरच बसली आहे, आणि तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नाही.

बाळ, ऐक. तुझी आजी प… प… पाणीपुरवठा खात्यात नोकरी करत होती. प… पाणी. बघ, अडलंच. मागे कुणीतरी हसलं, ऐकलं मी. हसू दे. प… पण मी बसणार नाही.

तुम्ही सर्वांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर प… प… पोटात घाला. अडखळले, त्याची माफी मात्र मी मागणार नाही.