कमलादीदींच्या स्लिपवरची ओळ

अगं, आमच्या कमलादीदींचं ऐक. इकडे उत्तरेत, गोमती नगरातल्या माझ्या टिफिन-किचनच्या मुख्य स्वयंपाकीण. यंदा स्टाफचा आरोग्य विमा काढला. सगळा हप्ता धंद्याच्या खर्चात टाकला, पगारातून छदामही कापला नाही. मी खुशीत, तर दीदी सॅलरी स्लिप घेऊन फणकारतच आल्या.

"हमारा क्यों नहीं कटा? हमारे पति का हर महीने कटता है. कहते हैं, पक्की नौकरी में ही कटता है!"

मी हिशेब तसाच ठेवला, फक्त स्लिपवर हिंदीत, ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली: विम्याचा पूर्ण हप्ता कंपनीने भरला.

दुसऱ्या दिवशी दीदी गुणगुणत कणीक मळत होत्या. मी त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं, "भैया क्या बोले?"

"क्या बोलेंगे? हमने कह दिया, तुम्हारी कंपनी काटती है, हमारी भरती है."