रेषेआधी की रेषेनंतर?

आदरणीय अध्यक्ष रामभाऊ, प्रमुख पाहुण्या डॉक्टर प्रभाताई, आजचे सत्कारमूर्ती जयरामभाऊ, आणि कुवेतमधल्या हवल्लीच्या या शाळेतल्या लहान बाकांवर कशीबशी मावलेली माझी मराठी मंडळी,

बारा वर्षं इथल्या मंगफ गावात इमारतींना परांच्या बांधून जयरामभाऊ परवा कायमचे मालवणला निघणार आहेत. त्यांच्या गुणांबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी एका शुक्रवारबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा कमी पाहावं.

७६ साली जयरामभाऊंच्या कंपनीतले अमेरिकन इंजिनिअर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वाळूत त्यांचं फुटबॉल खेळायचे. सगळा कारभार हातानं, तरी नाव फुटबॉल! मी इस्पितळात एक्स-रे काढणारा, म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून मला पंच केलं. जयरामभाऊंचे कबड्डीचे पाय पाहून एका संघानं त्यांना घेतलं. त्यांच्याच खोलीत राहणारा, एका ताटात जेवणारा इजिप्तचा वेल्डर यूसुफही त्याच संघात होता.

त्या शुक्रवारी सामन्याचं शेवटचं मिनिट. संघ चार गुणांनी मागे. जयरामभाऊ चेंडू घेऊन पळाले आणि शेवटच्या रेषेपार गेले. सहा गुण! तेवढ्यात यूसुफनं समोरच्या संघातल्या एकाला मागून ढकललं. आगळीक झाल्याची खूण म्हणून मी रुमाल टाकला.

आता नियम असा, की आपल्या गड्यानं रेषेआधी आगळीक केली तर गुण रद्द. रेषेनंतर केली तर गुण कायम, शिक्षा फक्त पुढच्या किकऑफला. यूसुफनं ढकललं ते रेषेनंतर. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण समोरचा कप्तान हसून म्हणाला, "तुझा गाववाला ना?" मला ते झोंबलं. पक्षपाती ठरायच्या भीतीनं मी म्हणालो, "रेषेआधी." गुण गेले, सामनाही गेला.

यूसुफ शपथेवर सांगत राहिला, "वल्ला, नंतर ढकललं." जयरामभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बघितलात मां? मग बराबरच असतला." आपला माणूस खोटं कशाला बोलेल, असा त्यांचा विश्वास.

त्या दिवसापासून ते यूसुफशी बोलले नाहीत. खोली एक, चुली दोन. तीन वर्षांनी यूसुफ मायदेशी गेला, तेव्हाही हे त्याला निरोप द्यायला उठले नाहीत. मी इथेच होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते मला जमलं नाही.

जयरामभाऊ, यूसुफ खरं बोलत होता. तुमचे सहा गुण मी खाल्ले. त्याची खंत आहेच, पण तुमचा मित्र मी तोडला, याची लाज वाटते.

यूसुफचा पत्ता मी मिळवलाय. झालं ते सगळं पत्रात लिहिलंय. खाली अर्धं पान कोरं ठेवलंय, ते तुमचं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या शुक्रवारची माफी मात्र सभेकडे मागत नाही. ते जयरामभाऊंनी आणि यूसुफनं ठरवायचं.