पत्नीचीही संमती

—नाही, आधी बस. आणि डोळे पूस, नापास केलं नाहीये अजून. पण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आलीस, उद्या पेशंटच्या उशाशी उभी राहशील, आणि रक्तदाबावरच्या असाइनमेंटमध्ये लिहितेस काय, तर पानांच्या रसाने महिन्याभरात गोळ्या सुटतात! कुठल्या वेबसाइटवरून आणलंस गं हे? लिहिणारा कोण? नाव नाही. तारीख? तीही नाही. आणि शेवटी त्याच रसाची बाटली विकायला ठेवलीय! विकणारा स्वतःच्या मालाला नावं ठेवेल का कधी? लायब्ररीत जर्नल्स धूळ खात पडलीत — पण नाही, पहिलं दिसलं ते उचललं. ओरडत नाहीये मी. बरं, ओरडतेय. कारण ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत — ‘गोळी शरीराला आळशी करते’ — रोज सकाळी चहाबरोबर ऐकते, आमच्या ह्यांच्याकडून. गोळ्या बंद केल्यात त्यांनी. काल बाथरूममध्ये भोवळ येऊन पडले, कपाळाला खोक पडली, तरी डॉक्टर नको! समजवायला जावं तर म्हणतात, तुझी पुस्तकं गोळ्या विकणाऱ्यांनीच लिहिलीत. अख्ख्या वर्गाला शिकवते गं मी, कुठल्या माहितीवर विश्वास ठेवायचा ते, आणि घरातल्या एका माणसाला — जाऊ दे. हे तुला सांगायचं नव्हतं.

तू सांग, इतक्या सगळ्यातून हेच पान का खरं वाटलं तुला? काय? मोबाइलवर अजून खाली बघू? हे लोकांचे अनुभव? थांब, चष्मा... ‘माझी पत्नी नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिचीही या उपचाराला संमती आहे.’ आणि फोटो. ही आमची गॅलरी. ही माझी खुर्ची. आणि हे... तू ओळखलंस होय ह्यांना? स्नेहसंमेलनात पाहिलं होतंस. मॅडमना पटलंय म्हणजे खरंच असणार — म्हणून?

मी कधी हो म्हटलं गं? रोजचा वाद नको म्हणून गप्प बसले, तेवढंच. आणि हे बघ, खाली कुणीतरी विचारतंय — मीपण गोळ्या सोडू का? देवा रे.

अगं, मग मला विचारायचंस ना! समोरच तर बसते मी — नाही, तुझं नाही चुकलं. म्हणजे चुकलंच, पण... सोमवारी नवीन लिहून आण. ऊठ. थांब, आधी घरी फोन लावते. वाजतोय. उचला हो... वाजतोच आहे. तू जा गं. जा म्हटलं ना!