पाणी किती? छातीभर!

...नाही, पण पोहता येण्याचा इथे संबंधच काय, मला सांगा! भेटायला जो येतो तो टेकायच्या आधी तेच विचारतो, ‘पोहता येत नव्हतं का हो त्यांना?’ अहो, येत होतं! माझ्यापेक्षा झकास येत होतं! पण पोहायला आधी पाणी लागतं ना? आणि पाणी किती? छातीभर! माझ्या छातीभर, आणि मी काही ताडमाड नाही, दिसतोच आहे तुम्हाला.

तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर. निवृत्त झाले आणि घरातला एकेक नळ उघडून परत बसवायला लागले. नळ संपले, मग दारांच्या बिजागऱ्या. त्या संपल्या, तेव्हा स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले... ताईला तीन दिवस मीठ सापडलं नाही! तेवढ्यात टीव्हीवर कुणीतरी बुडी मारून भाल्याने मासा मारताना दिसला, आणि दाजी उठून उभेच राहिले. ‘बघ, जाळं नाही, गळ टाकून ताटकळणं नाही. समोरासमोरचा मामला!’ ताईने मला बाजूला घेतलं. ‘तू जा रे त्यांच्याबरोबर. एकटे गेले की माझ्या जिवाला घोर.’ आता मी चष्मे करणारा माणूस. दिवसभर भिंगं घासायची, लोकांच्या नाकाची मापं घ्यायची. समुद्राशी माझा काय संबंध? पण ताईचा शब्द... गेलो.

आधी सामानाच्या दुकानात. तिथली बाई बोलायला तुटक, पण जाणकार. ‘कुठे उतरणार?’ ‘काठाजवळच्या खडकांत.’ ‘पाणी किती?’ ‘छातीभर.’ ‘गढूळ?’ ‘हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत.’ तिने मुकाट्याने एक काठी काढली. उभी धरली तर खांद्याला लागेल एवढी, पुढे तीन टोकं, मागे रबर. ‘उथळ पाण्यात हीच घ्या. रबर ताणायचं, सोडायचं. कुठेही वळते. आणि कमरेला सुरी. सुरीशिवाय उतरायचं नाही.’ दाजी हसले, ‘बाई, मी काय भाजी चिरायला चाललोय?’ आणि त्यांची नजर गेली भिंतीवर. तिथे एक लांबलचक बंदूक, दोरी बांधलेला भाला सोडणारी. झालं! ‘ती खोल, स्वच्छ पाण्यातली आहे,’ बाई म्हणाली, ‘खडकांत मारलीत तर भाला रुतून बसेल.’ ‘पस्तीस वर्षं हत्यारं हाताळलीत मी!’ बाईने हात टेकले. मग मी तोंड उघडलं, माझ्या धंद्यातलं थोडं कळतं म्हणून. म्हटलं, ‘दाजी, पाण्याखाली वस्तू असते त्याहून मोठी आणि जवळ दिसते हं.’ तर म्हणतात, ‘उत्तम! म्हणजे मासाही मोठाच मिळेल!’ आता बोला!

सकाळी उतरलो. दाजींच्या अंगात जाडजूड रबरी पोशाख, पायात बदकासारखे पंजे, तोंडात नळी. पहिली बुडी मारली... तोंड पाण्यात आणि बूड वर! रबर त्यांना खाली जाऊ देईना. दुसरी बुडी, पुन्हा बूड वर. मला हसू आवरेना, आणि ते माझ्यावर चिडले. तणतणत बाहेर आले, कमरेच्या पट्ट्यात वजनाला म्हणून होतं नव्हतं तेवढं शिसं अडकवलं. बंदूक हातातून निसटू नये म्हणून तिची दोरी मनगटाला बांधली, चांगली फिटरची गाठ मारून. आणि मला दम दिला, ‘मी खाली असलो की हाक मारायची नाही. जागचं हलायचं नाही. मासा बुजतो.’

मी हललो नाही. हेच सांगतोय तुम्हाला... मी हललो नाही! चौथ्या बुडीला खालून ‘खट्ट’ झालं. मग सामसूम. नळीचं टोक वर येईना. मी दहा पावलांवर, शहाण्यासारखा उभा. मग एक पंजा वर आला आणि दोनदा पाण्यावर आपटला, फाट फाट. मी मनात म्हटलं, वा, मोठा लागलेला दिसतोय!

अहो, ते मला बोलावत होते.

तिसऱ्यांदा पंजा आपटला नाही, तेव्हा मी धावलो. छातीभर पाण्यात धावून बघा कधी, म्हणजे कळेल. भाला खडकाच्या फटीत रुतलेला, दोरी दगडाला दोन वेढे पडून तारेसारखी ताणलेली, आणि तिच्या टोकाला दाजींचा हात. मी ओढतोय, शिसं खाली ओढतंय. गाठ सुटेना. दातांनी चावली दोरी! हा बघा दात, अर्धा तिथेच राहिला. शेवटी पलीकडून शिंपल्या वेचणारी एक बाई कोयती घेऊन आली आणि एका घावात दोरी तोडली. एका घावात! वर म्हणाली, ‘एवढंसं पाणी, आणि तुम्ही इतका वेळ नुसते उभे होतात?’

वाळूवर घेतलं. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, दोघांनी आळीपाळीने. नाही आले परत.

मग पोलीस. ‘पाणी किती होतं?’ ‘छातीभर.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘नीट आठवून सांगा.’ ‘छातीभर, साहेब.’ ‘मग ते उभे का नाही राहिले?’ आता त्याला शिसं सांगू, दोरी सांगू, की माझं हसणं सांगू? मी हसलो नसतो तर एवढं शिसं लावलं असतं का त्यांनी? हे कुणी विचारत नाही. सगळ्यांचं आपलं एकच, पाणी किती!

भाला दुसऱ्या दिवशी काढला खडकातून. मासा सोडा, त्याला खवलासुद्धा नव्हता. पण ताईने विचारलं, ‘शेवटी मिळाला का रे त्यांना?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हो ताई. चांगला हातभर.’ तिचा चेहरा जरा निवळला. मग येईल त्याला सांगायला लागली, ‘पण मासा मात्र मारला हो त्यांनी!’ म्हटलं, बरं झालं. एक खोटं, पण उपयोगी पडलं.

काल दुपारी दोघंच होतो. ती त्यांचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, ‘एवढा मोठा होता म्हणतोस, मग आणला का नाहीस?’

म्हटलं, ‘राहिला, ताई. घाईत राहिला.’