घाणेरीचा जाळ

नाव : गंगाराम धर्मा म्हात्रे. वय : अंदाजे ६४ वर्षे. धंदा : भातशेती, उन्हाळ्यात जंगलखात्याकडे मजुरांचा मुकादम. शिक्षण : मराठी तिसरी. राहणार : मौजे कामण, ता. वसई, जि. ठाणे. दि. १७ एप्रिल १९८३.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, आमच्या डोंगरात घाणेरी फार माजली आहे. तिच्याखाली सागाचे रोप तगत नाही. म्हणून यंदा ती मुळासकट काढण्याचा सरकारी हुकूम आला. माझ्या हाताखाली सात मजूर होते. ही घाणेरी माझ्याच वडिलांनी कुंपणाला लावली, तिथून ती वर गेली. हे कोणी विचारले नाही, पण सांगतो.

काढलेले ढीग वनरक्षक हजर असल्याशिवाय पेटवू नयेत, पेटवल्यास वनकायद्याने गुन्हा होईल, असे कागदात होते. मीच तो मजुरांना वाचून दाखवला होता.

काल दि. १६ रोजी दुपारी चारपर्यंत वनरक्षक आले नाहीत. ढिगांवर फळे पिकली होती. पाखरे ती खाऊन बी पुन्हा रानभर टाकतात, म्हणून मला घोर लागला. मी मजूर मालन वरठा, वय ४५, हिला पेटवायला सांगितले. ती म्हणाली, "मामा, वारा हाय. गार्डसायब येऊ दे." मी म्हणालो, "चालीस वर्सं राब भाजतोय मी. तू मना वारा शिकवतंस?" बाकीचे हसले. तिने काडी ओढली.

भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना आम्ही वर माती टाकून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतो. तो धुमसत राहतो. इथेही तसेच केले. पण घाणेरी ओली असूनही भडकली. जाळ सागाच्या नव्या लागवडीत शिरला. डहाळ्यांनी झोडपून विझवेपर्यंत दिवस मावळला. अडीचशे रोपे गेली. मालनचा उजवा हात भाजला.

कोणी पेटवले, असे वनरक्षकांनी विचारले. मी म्हणालो, मी ओढ्यावर पाणी प्यायला गेलो होतो. हे खोटे आहे. मालन शेजारीच उभी होती. तिचा भाजलेला हात पाहून वनरक्षकांनी तिचेच नाव लिहून घेतले.

आज सकाळपासून ती पोलीस ठाण्याबाहेर बाकावर बसून आहे. मी आत येताना म्हणाली, "मामा, जेवलास का?"

गुन्हा माझ्यावर घ्यावा व तिला घरी सोडावे.

जबाब वाचून दाखवला तेव्हा एक राहिले होते, ते घालायला सांगितले. पोलिसांनी मालनजवळ काडेपेटी शोधली, सापडली नाही. ती माझी आहे, पेटवायला मीच तिला दिली व लगेच परत घेतली; कालपासून माझ्याच खिशात होती. आता टेबलावर ठेवली आहे. बाकी लिहिले ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.