शिक्का मारलेल्या यादीतली चौथी साइट

पुरवणी जबाब
हाउकियोकी पोलीस ठाणे, उत्तर फिनलंड
शुक्रवार, १० नोव्हेंबर २०२३, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

नाव: हेल्का पुओलाक्का. वय: २७ वर्षे. धंदा: नोकरी, नगर वाचनालयात सहायक. राहणार: गिरणी रस्ता, घर क्रमांक ६, दुसरा मजला, हाउकियोकी.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझ्या ६ नोव्हेंबरच्या जबाबात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करून घ्यावी. संगणकावरचे फुकट खेळ सुरक्षितपणे कुठून उतरवून घ्यावेत याची एक यादी मी वाचनालयासाठी केली होती. तिच्यात सहा साइट आहेत. प्रत्येक साइट मी दोन आठवडे वापरून पाहिली आणि मगच यादीत घातली, असे मी त्या जबाबात सांगितले. कोणत्या संगणकावर वापरून पाहिली ते सांगितले नाही. ती मी वाचनालयाच्या तीन नंबरच्या संगणकावर पाहिली. आमचे संगणक संध्याकाळी सहाला वाचनालय बंद झाले की आपोआप मूळ स्थितीला येतात. दिवसभरात कोणी काही उतरवून घेतले असेल ते पुसले जाते. दुसऱ्या दिवशी मी तोच खेळ नव्याने उतरवून घेत असे. म्हणजे मी चौदा दिवस पाहिले नाहीत, एकच दिवस चौदा वेळा पाहिला. आपल्या ठाण्याच्या तंत्रज्ञांनी परवा सांगितले की चौथ्या साइटवरच्या खेळाबरोबर आणखी एक प्रोग्राम येतो आणि तो सहाव्या दिवशी जागा होतो. माझ्या संगणकावर सहावा दिवस कधी आलाच नाही.

दर मंगळवारी १० ते १२ या वेळात मी वाचनालयात लोकांना संगणकाची मदत करते. येणारे बहुतेक लाकूड गिरणीतून निवृत्त झालेले आहेत. ते सर्वांत जास्त एकच प्रश्न विचारतात, की फुकट खेळ कुठे मिळतात आणि त्यातून संगणकाला काही होणार तर नाही ना. म्हणून मार्चमध्ये मी यादी केली. आमच्या घरात नववीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. सरकारी पत्रे घरचे माझ्याकडेच आणतात, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा वाचायची मला सवय आहे. बनवणाऱ्यांनी खेळ खरोखरच मोफत सोडला आहे का, साइट विनाकारण ईमेल मागते का, उतरवून घेण्याची दोन-दोन बटणे आहेत का, अशा पाच कसोट्या मी ठरवल्या. लोकांना स्वतःलाही तपासता यावे म्हणून त्या यादीच्या तळाशी छापल्या.

वाचनालय प्रमुख ओउती यांनी विचारले, "तपासलंस सगळं?" मी म्हणाले, "दोन-दोन आठवडे." त्यांनी शिक्का मारला. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही.

पहिली प्रत उन्तो, वय ७८, यांनी नेली. ते म्हणाले, "पोरी, फुकट म्हणजे कुठेतरी गोम असणारच."

"नाही उन्तोकाका, बनवणाऱ्यांनीच सोडलेत. त्यांचं निवेदन मी वाचलंय."

"तू वाचलंयस ना? मग मी कशाला डोळे फोडून घेऊ!"

त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. त्या वेळी मला बरे वाटले होते, हेही नोंदवावे. ऑक्टोबरअखेर एकतीस प्रती गेल्या.

माझे वडील रेइयो पुओलाक्का, वय ६६, नदीकाठच्या घरात एकटे राहतात. माझी आई माइरे दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारली. २२ एप्रिलला मी त्यांना यादीची साधी प्रत दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"शिक्का कुठाय?"

"बाबा, यादी मीच केलीय."

"असेल. पण मास्तरीणबाई, बिनशिक्क्याच्या कागदावर मी आजवर काही केलेलं नाही, आता म्हातारपणी सुरू करू?"

पुढच्या शनिवारी मी शिक्क्याची प्रत नेली. त्यांनी चौथ्या साइटवरचा, नदीतून ओंडके वाहून नेण्याचा खेळ निवडला. तो त्यांच्या लॅपटॉपवर मी स्वतः उतरवून दिला. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, कारण प्लग तिथे आहे. तो खिडकीजवळच्या खुर्चीसमोर येतो. ती खुर्ची आईची.

बुधवार १ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वाचनालयात माझ्या नावाने ईमेल आला. भाषा शुद्ध होती. मजकूर असा: "यादी चांगली आहे. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. सोबतची सातवी साइट मंगळवार १४ तारखेला सकाळी दहाच्या आत यादीत घाला. नाही घातली तर सोबतचं चित्रीकरण यादी घेतलेल्या सगळ्यांना मिळेल. ते कोण आहेत, ते आम्हाला दिसतं."

चित्रीकरण चार मिनिटे दहा सेकंदांचे आहे. आधीच्या जबाबात मी सांगितले की त्यात माझे वडील कोणाशी तरी फोनवर बोलत आहेत. ही दुसरी चूक, आणि ही मी जाणून केली. त्यांच्या हातात फोन नाही. टेबलावर दोन कप आहेत, दोन्हींत कॉफी आहे. ते गिरणीतल्या लोकांबद्दल, बर्फाबद्दल आणि माझ्याबद्दल बोलतात. मध्ये थांबतात, जणू उत्तर ऐकत आहेत. नंतर हसतात. ते काय म्हणाले हे जबाबात लिहिणे आवश्यक आहे का असे मी विचारले. आवश्यक नाही असे सांगण्यात आले, म्हणून लिहीत नाही.

सातवी साइट मी आपल्या तंत्रज्ञांसमोर उघडली. माझ्या पाचही कसोट्यांना ती उतरते. पहिल्या सहांपैकी एकही इतकी नीट उतरत नाही. मी यादीच्या तळाशी ज्या क्रमाने कसोट्या छापल्या, त्याच क्रमाने त्या पानावर एकेका गोष्टीचा खुलासा आहे.

६ तारखेला मला सांगण्यात आले की प्रोग्राम कुठून चालवला जातो हे शोधण्यासाठी वडिलांचा लॅपटॉप मंगळवारपर्यंत चालू राहू द्यावा आणि त्यांना काही कळू देऊ नये. मी हो म्हणाले. उन्तो यांना मात्र लॅपटॉपचा कॅमेरा झाका एवढे मी सांगून बसले होते, ते आधीच. त्यांनी त्यावर सॉसेजच्या पाकिटाचे लेबल चिकटवले आणि म्हणाले, "आता बघू दे, किलोचा भाव कळेल." एकतीसपैकी एकोणीस प्रती कोणी नेल्या ते मला आठवले. बारा आठवत नाहीत.

बुधवार ८ तारखेला दुपारी साडेचारला मी वडिलांकडे गेले. अंधार पडला होता. लॅपटॉप उघडा होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

"आज तोंडाला कुलूप का?" वडील म्हणाले. "शिकलेल्या माणसांचे शब्द महाग झाले वाटतं?"

"दमलेय बाबा."

"पुस्तकं उचलून? मी ओंडके उचलायचो तेव्हा दमायचो नाही." मग थोड्या वेळाने, "खिडकीकडे बघत बसलीयस. तुझी आई बसायची तशी."

पाचला पाच कमी असताना त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "निघ आता, बस चुकेल." बसला अजून पंचवीस मिनिटे होती, हे त्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. मी कोट घातला. अंगणातून स्वयंपाकघर दिसते. त्यांनी फळीवरून आधी एक कप काढला, मग दुसरा. मी आत जाऊन लॅपटॉपचे झाकण मिटू शकले असते. मी हो म्हटले होते, म्हणून गेले नाही.

काल, ९ तारखेला, सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी दुसरा ईमेल आला: "निळा स्वेटर छान दिसतो. अजून थोडं थांबायला हवं होतं, ते नंतर तुमच्याबद्दलच बोलत होते." सोबत चित्रीकरण होते. ते मी उघडले नाही. तसेच आपल्याकडे दिले आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणच्या वेळा मी दुरुस्त करून घेतल्या. आता तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करण्यापूर्वी, मंगळवारपर्यंत थांबाल ना, असे मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर माझ्या विनंतीवरून पुढे लिहिले आहे.

थांबणार नाही. आपल्याला जे शोधायचे असेल ते त्याआधी शोधावे, म्हणून आजच सांगून ठेवते. मंगळवारी दहा वाजता मी वाचनालयाच्या भिंतीवरची यादी सर्वांसमोर काढून टाकीन आणि चूक कोणती व कोणाची ते वाचून दाखवीन. पण ते बाबांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. परवा पितृदिन आहे. त्या दिवशी मी दरवर्षी त्यांच्याकडे केक घेऊन जाते, त्यामुळे कोणाला वेगळे वाटणार नाही. आधी त्यांना अंगणातल्या सौनाच्या, वाफस्नानाच्या खोलीत नेईन, तिथे बाकांशिवाय काही नाही. तिथे सगळे सांगेन, कपांचेही. मग आम्ही दोघे स्वयंपाकघरात जाऊ आणि मी त्यांच्यासमोर लॅपटॉप बंद करीन, पाच वाजण्याच्या आत. दिवस: रविवार, १२ नोव्हेंबर २०२३.